कोरपीलिन्नाचा संस्थापक

रविवार, १७ ऑगस्ट २०२५, सकाळी ९.१०

आजपासून रोजनिशी. निमित्त ऐतिहासिक आहे. कोरपीलिन्ना अमेरिकेत येतोय. पहिल्या अल्बमचं पंचविसावं वर्ष, बारा शहरांचा दौरा. आपल्याला सोयीचं डेट्रॉइट, शनिवार १८ ऑक्टोबर. ओहायोतल्या आमच्या डब्लिनपासून गाडीने सव्वातीन तास.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी पार्श्वभूमी नोंदवतो. प्रोजेक्ट मॅनेजर माणूस आहे मी. कोरपीलिन्ना हा फिनलंडचा पॉवर मेटल बँड. म्हणजे अतिशय वेगवान गिटार, त्याहून वेगवान ड्रम, बर्फ, तलवारी, आणि गायक कायम वरच्या मजल्यावर. माझ्या बायकोने, नीलांबरीने, एकदा वर्णन केलं होतं: प्रेशर कुकरमध्ये लावलेला पोवाडा. बँडला ती कोरफड म्हणते.

मी या बँडचा संस्थापक सदस्य. १९९९ साली कंपनीने मला फिनलंडच्या टांपेरे गावात पाठवलं होतं, मोबाइलच्या सॉफ्टवेअरसाठी. दिवसा कोड, संध्याकाळी बँड. मी कीबोर्डवर. पुढे लॉजिस्टिक्सही मीच पाहायचो. बँड मोठा होण्याच्या ऐन तोंडावर पुण्याहून बाबांचा फोन आला, मुलगी बघायला ये. गेलो. नीलांबरीशी लग्न केलं आणि तिला घेऊन ओहायोला आलो. बँड सुटला. मी तिला कधी दोष दिला नाही. फक्त अधूनमधून आठवण करून दिली.

नीलांबरी मार्चपासून कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला आहे. नोकरीसाठी, सहा महिने. जाताना तिने कुकर, मसाल्याचा डबा आणि तिच्या आईची समई नेली. सहा महिन्यांसाठीसुद्धा समई लागतेच. पण बर्फातले दोन्ही कोट इथे कपाटात आहेत. जिला परत यायचं नाही ती कोट ठेवून जाईल का?

प्लॅन: बँडशी संपर्क. त्यांच्याबरोबर स्टेजवर एक गाणं. नीलांबरी पहिल्या रांगेत. आपल्यासाठी या माणसाने काय सोडलं ते ती डोळ्यांनी बघेल. पुढचं आपोआप होईल.

मंगळवार, १९ ऑगस्ट

बँडच्या वेबसाइटवरून यारीला ईमेल. यारी म्हणजे गिटारिस्ट आणि म्होरक्या. फिनिशमध्ये स्पेलिंग जे-ने होतं, पण उच्चार यारीच. नावातच दोस्ती आहे.

चार मिनिटांत उत्तर. 'आपला मेसेज आम्हाला महत्त्वाचा आहे.' चार मिनिटांत. पंचवीस वर्षांनंतर.

रविवार, २४ ऑगस्ट

संग्रामकडे जेवायला. संग्राम नागपूरचा, आमच्या मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेचा संपादक. त्याला म्हटलं, यंदा मी लेख देतो, कोरपीलिन्नाच्या उदयावर. तो म्हणाला की त्याला गुडघेदुखीवर लेख हवा होता, पण बघू. त्याची बायको रेणू नीलांबरीची जिवाभावाची मैत्रीण. ती पूर्ण वेळ पोळ्या लाटत होती. सोळा पोळ्या. आम्ही तिघंच होतो.

लेखाचं नाव ठरलं: 'फिनलंडच्या बर्फातली मराठी ठिणगी'.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

इंडियन स्टोअरमधून शाडूची मूर्ती आणली. मोदक फ्रोझन. आरतीला मी आणि यूट्यूब.

नीलांबरीला फोन केला. तिने विचारलं, आरतीला कोण आहे. म्हटलं, आहेत बरेच. मग डेट्रॉइटचं सांगितलं. विमानाचं तिकीट मी काढतो म्हणालो. ती मग म्हणाली, "देवदत्त, तुला खरंच असं वाटतं की तू माझ्यासाठी तो बँड सोडलास?"

म्हटलं, वाटतं म्हणजे काय, इतिहास आहे तो.

तिने नैवेद्य दाखवला का विचारलं आणि फोन ठेवला. एकूण चार मिनिटं. पण विषय तिने स्वतःहून काढला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. इंटरेस्ट आहे.

सोमवार, १ सप्टेंबर. लेबर डेची सुट्टी

लेख लिहायला बसलो. कालक्रम असा.

१९९९, शरद ऋतू. टांपेरेत इमारतीखाली बॉम्बपासून बचावाची तळघरं असतात. युद्ध नसल्यामुळे तिथे पोरं बँडची प्रॅक्टिस करतात. आमचं तळघर क्रमांक तीन. यारी, ड्रमवर टिमो, आणखी दोघं, आणि मी.

२०००, हिवाळा. डेमो कॅसेट. तिच्यावर माझा कीबोर्ड नाही, कारण त्या फेब्रुवारीपासून मी थोडा मागच्या फळीत होतो. कलात्मक कारणं. संस्थापकाने कधीतरी मागे सरावंच लागतं.

२०००, उन्हाळा. गावोगावच्या जत्रांमध्ये बावीस कार्यक्रम. एका बेकरीची जुनी पावाची व्हॅन घेतली होती. चीज आणि पावाच्या वासात सगळा संच. ऑगस्टमध्ये कॅसेट एका जपानी कंपनीच्या हातात पडली. जपान्यांना काय आवडलं देव जाणे, पण करार झाला.

२००१, जानेवारी. पहिला अल्बम. जपानमध्ये तुफान. मग फिनलंडला कळलं की आपल्याकडे असा बँड आहे. काखेत कळसा. मग जर्मनी, ब्राझील, मोठे फेस्टिव्हल. त्याच जानेवारीत मी डब्लिनमध्ये अपार्टमेंटसमोरचा बर्फ फावड्याने काढत होतो आणि नीलांबरी खिडकीत उभी होती. तिला पुण्याच्या कॉलेजात लेक्चररची ऑर्डर आली होती, ती सोडून आलेली. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे नंतरची आठ वर्षं तिला तसा आरामच होता.

हे शेवटचं वाक्य लेखात नको. विषयांतर होतं.

रविवार, ७ सप्टेंबर

कीबोर्ड घेतला, मेट्रोनोमही. मेट्रोनोम म्हणजे ताल मोजणारं टिकटिक यंत्र. कोरपीलिन्नाचं प्रसिद्ध गाणं मिनिटाला १६८ ठोक्यांवर आहे. मी आज ९२ पर्यंत पोचलो. सहा आठवडे हातात आहेत, म्हणजे आठवड्याला साधारण तेरा ठोके वाढवायचे. अगदी शक्य.

बुधवार, १० सप्टेंबर

८८. उजवं मनगट दुखतंय. कीबोर्डच्या पट्ट्या कडक आहेत. संग्राम येऊन ऐकून गेला. म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." नागपूरची माणसं स्पष्ट बोलतात.

सोमवार, १५ सप्टेंबर

यारीकडून आमंत्रण आलं.

म्हणजे फॅन क्लबकडून आलं. व्हीआयपी पास घेणाऱ्यांना कार्यक्रमाआधी बँडला भेटता येईल. हस्तांदोलन, एक फोटो, गळ्यात घालायची पट्टी. पास विकतच घ्यायचा आहे, पण त्यांचा अकाउंटंट सगळ्यांना सारखंच वागवत असणार. दोन घेतले.

शनिवार, २० सप्टेंबर

लेखात 'हालू'ची गोष्ट घातली. तिच्याशिवाय बँडचा उदय समजत नाही.

टिमो ड्रम बडवायला लागला की माझी बोटं मागे पडायची. मी ओरडायचो, हळू, हळू. आता फिनिश भाषेत हालू म्हणजे तीव्र इच्छा, वासनाच म्हणा. त्यांना वाटायचं, हा भारतीय पेटलाय. ते आणखी जोरात वाजवायचे. मी आणखी जोरात ओरडायचो. त्या तळघरात एका मराठी शब्दामुळे कोरपीलिन्नाचा वेग घडला. आणि पहिल्या अल्बमवरच्या, आज जगभर गाजणाऱ्या गाण्याचं नाव काय? 'हालू'. मी श्रेय कधी मागितलं नाही. नीलांबरीला मात्र हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नंतरही सांगितलं.

लेखाचा शेवटही जमला: 'यशाच्या उंबरठ्यावरून तो मागे फिरला, कारण पुण्यात एक मुलगी त्याची वाट पाहत होती. संसारासाठी त्याने संगीत सोडलं.' दोनदा मोठ्याने वाचून काढला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

नीलांबरीने पाठवलेले कागद आज सही करून दिले. बँकेत नोटरी असते, तिच्यासमोर.

घाबरण्यासारखं काही नाही. हा डिव्होर्स नव्हे. ओहायोत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिव्होर्समध्ये भांडण असतं. हे डिझोल्यूशन आहे, दोघांच्या संमतीने. डिझॉल्व्ह म्हणजे विरघळणं. साखर चहात विरघळते म्हणून ती जाते का? असतेच ना चहात. शिवाय मी नियम नीट वाचलेत. १९ नोव्हेंबरला कोर्टात दोघांनी हजर राहायचं आणि जजसमोर हो म्हणायचं. तोवर कोणीही नको म्हटलं की सगळं रद्द. म्हणजे डेट्रॉइटनंतर पूर्ण एक महिना आहे. सही नाही केली तर ती चिडेल, केली तर शांत राहील. स्ट्रॅटेजी आहे ही.

नोटरी बाई म्हणाल्या, हॅव अ ग्रेट वीकेंड.

शनिवार, ४ ऑक्टोबर

९६. मग हात सोडून दिला. यारी मला बोलावेल ते आठवणीखातर, वेगाखातर नव्हे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

नीलांबरीचा मेसेज. 'मी येणार नाही. कृपया तिकीट काढू नकोस.' कृपया.

काढून ठेवलं होतं. असो. तिकिटाचं होईल काहीतरी.

हिमानीला फोन केला. आमची मुलगी, ॲन आर्बरला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात आहे, तिथून डेट्रॉइट पाऊण तास. आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "ओके बाबा, येते मी. पण स्टेजवर वगैरे जायचं नाही." आईशी तुझं बोलणं होतं का विचारलं. रोज, म्हणाली. उलट हे बरंच झालं. हिमानी बघेल, व्हिडिओ काढेल, आईला पाठवेल. मुलीने सांगितलेलं आईला पटतं.

संग्रामला लेख पाठवला. स्मरणिका उद्या छापायला जातेय.

शनिवार, १८ ऑक्टोबर. धनत्रयोदशी, दुपारी ३.२०

डेट्रॉइट. पार्किंगमध्ये बसून लिहितोय. बाहेर काळे टीशर्ट घातलेल्यांची रांग. सगळे माझ्याच वयाचे, पोट सुटलेले, भले लोक. मी तेव्हाचं जॅकेट घातलंय. चेन लागत नाही, पण उघडं ठेवायचीच स्टाइल होती.

यारीला म्हणायची वाक्यं पाठ केली आहेत. फिनिशमध्ये दोन, इंग्लिशमध्ये पाच. हिमानी बसने येतेय. ४ वाजता भेट.

पोटात फुलपाखरं वगैरे नाहीत. ॲसिडिटी आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर, सकाळी ७.४०, मोटेल

जे झालं ते नीट लिहून काढतो. वस्तुनिष्ठपणे.

रांगेत चाळीस माणसं. आमचा नंबर आला. यारी पांढरा झालाय, चष्मा लावतो. मी पहिलं फिनिश वाक्य म्हणायच्या आतच त्याने मला ओळखलं. हे नोंदवलं पाहिजे. त्याने ओळखलं. उठून टेबलाला वळसा घालून आला आणि मला उचलून मिठी मारली. मोठ्याने टिमोला हाक मारली, "देव! अवर ड्रायव्हर!"

हिमानीने माझ्याकडे बघितलं.

मागच्या लोकांना थांबवून यारी तिच्याशी बोलायला लागला. मनापासून, प्रेमाने बोलत होता, त्यामुळे त्याला थांबवता येईना. म्हणाला की तुझा बाबा फार गोड माणूस होता. कीबोर्डवर सहा वेळा बसला, पण आमच्या वेगाला पुरायचा नाही, सारखा काहीतरी ओरडायचा. शेवटी त्याला काढायचं ठरलं, पण सांगणार कोण? टिमोने आणि यारीने काड्या उचलल्या. यारीला छोटी काडी आली. मग मला साउनात, म्हणजे त्यांच्या वाफेच्या न्हाणीत, नेऊन सांगितलं. फेब्रुवारी २०००. बाहेर उणे बावीस.

"मला आजही त्याची लाज वाटते," यारी हिमानीला म्हणाला. "साउनात माणसाच्या अंगावर काही नसतं गं. आणि तुझ्या बाबाने काय विचारलं माहितीये? म्हणाला, ओके, ओके, पण मग शनिवारी तुमची गाडी कोण चालवणार?"

बँडमध्ये लायसन्स कोणाकडेच नव्हतं. पूर्ण उन्हाळा मी ती पावाची व्हॅन चालवली. बावीस कार्यक्रम. यारी म्हणाला की हा नसता तर आम्ही त्या वर्षी कुठेच पोचलो नसतो.

'हालू'बद्दल मी विचारलं. विचारायला नको होतं. ते गाणं त्याने तेव्हाच्या मैत्रिणीसाठी लिहिलं होतं, ती आता त्याची बायको. हळूची गोष्ट सांगितली तर तो खूप हसला. त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

फोटो काढला. फोटोत तिघंही हसतायत.

कार्यक्रम चांगला झाला. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. स्टेजवर कोणी बोलावलं नाही, मीही कोणाच्या नजरेत आलो नाही.

नंतर हिमानीला ॲन आर्बरला सोडायला निघालो. ती फोनवर तो फोटो बघत होती. मग विचारलं, "तुझं आणि आईचं लग्न कधी ठरलं?" म्हटलं, नोव्हेंबरमध्ये. दिवाळीनंतर पुण्याला आलो तेव्हा. तिने पुन्हा विचारलं, "दोन हजार सालच्याच ना?" म्हटलं, हो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. नऊ महिने मोजायला तिला वेळ लागला नसणार. गणितात ती चांगली आहे.

उतरताना दार उघडं धरून म्हणाली, "बाबा, द रिअल स्टोरी इज सो मच बेटर. का नाही सांगितलीस?"

मी निघालो. गाडी चुकीच्या जागी उभी होती, मागून हॉर्न वाजत होता.

रविवार, १९ ऑक्टोबर, दुपारी १, घरी

विचार केला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी. यारी तेव्हा भरपूर प्यायचा. महिने इकडेतिकडे होतात माणसाचे. फेब्रुवारी की एप्रिल, कोण सांगणार?

एप्रिल असता तरी सातच महिने होतात.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दिवाळी. फराळ इंडियन स्टोअरचा. चकली मऊ. संग्रामला फोन करून लेख मागे घेतो म्हटलं. तो म्हणाला, तीनशे प्रती छापून घरी आल्यात, गुडघेदुखी पुढच्या वर्षी.

शनिवार, २५ ऑक्टोबर

मंडळाचा दिवाळी कार्यक्रम, एका शाळेच्या हॉलमध्ये. प्रत्येक खुर्चीवर स्मरणिका. लोक येऊन हात मिळवत होते. कोणी विचारलं, वाजवून दाखवा. अनुष्का नावाची एक मुलगी, नुकतंच लग्न होऊन पुण्याहून आलीये, डिपेंडंट व्हिसावर. तिने लेखाचं शेवटचं वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, बघ, याला म्हणतात प्रेम. नवऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली. दुसरं काय करणार?

बाहेर पडताना रेणूने मला गाठलं. एवढंच म्हणाली की ही प्रत नीलांबरीला पाठवू नकोस. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

संकल्प: नीलांबरीला फोन करून सगळं खरं सांगायचं. एकदम प्रांजळपणे. माणूस चूक कबूल करतो तेव्हा समोरचा विरघळतो. १९ तारखेला अजून वीस दिवस आहेत.

आज ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. उद्या करतो.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

हॅलोविन. दारावर चॉकलेट मागायला सारखी मुलं. अशा वातावरणात गंभीर बोलणं बरं नव्हे.

रविवार, २ नोव्हेंबर, दुपारी ४

आज हिवाळी वेळेसाठी घड्याळ एक तास मागे गेलं. फुकट एक तास मिळाला. तो फोन हातात घेऊन बसण्यात गेला.

केला शेवटी. दोन वाजता. तिचे अकरा. भाजी चिरत होती, सुरीचा आवाज येत होता.

सांगितलं. साउना, काडी, व्हॅन, फेब्रुवारी, सगळं. म्हणालो की तुझ्यासाठी मी काहीच सोडलं नव्हतं. मला काढलं होतं. हे बोलायला दीड मिनिट लागलं, मी घड्याळ बघितलं.

सुरीचा आवाज थांबला होता.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

मला वाटलं, हिमानीने सांगितलं असेल. नाही म्हणाली.

"आपल्या लग्नात तुझा टांपेरेचा रूममेट आला होता ना, अमित. पंगतीत मला चिडवत म्हणाला, वहिनी, याला गाणं म्हणायला सांगू नका, याला बँडमधून काढलाय. तो चेष्टेत म्हणाला. दोन दिवसांनी तू मला सांगितलंस, मी तुझ्यासाठी बँड सोडला. मी काही बोलले नाही. म्हटलं, नवीन माणूस आहे, लाज वाटत असेल, सांगेल कधीतरी."

मी विचारलं, मग कधीच का बोलली नाहीस?

"मी तुझ्या सांगण्याची वाट बघत होते, देवदत्त. माझी पुण्याची नोकरी गेली तेव्हा तू हेच म्हणालास, मी पण सोडलंच ना. आई गेली आणि व्हिसामुळे मला जाता आलं नाही, तेव्हाही हेच. आठ वर्षं घरात बसून मी एका खोट्या गोष्टीचं देणं फेडत होते आणि मला ते माहीत होतं. मग तू हिमानीसमोरही म्हणायला लागलास. तेव्हा मी वाट बघायचं सोडलं."

मी म्हणालो, पण आज सांगितलं ना.

"हो," ती म्हणाली. "सांगितलंस. बरं केलंस." आणि ती रडायला लागली. पंचवीस वर्षांत मी तिला फोनवर रडताना ऐकलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा ती बाथरूमचा नळ सोडून रडली होती, मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवला होता.

मी म्हटलं, १९ तारखेचं आपण रद्द करू शकतो, नियमात आहे.

ती म्हणाली, "नको रे."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. वरात पंचवीस वर्षांपूर्वीच पुढे निघून गेली होती आणि मी घोड्याला खरारा करत बसलो होतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मला तिची फार आठवण येते. हे या वहीत आधी कुठेच लिहिलेलं नाही. पानं उलटून बघितली. कुठेच नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

जजसमोर म्हणायला दोन पानांचं निवेदन तयार केलं. मुद्देसूद. मला वेळ हवा आहे, असं त्यात आहे. मी बदललो आहे, असंही. तीन वेळा मोठ्याने वाचलं. सव्वाचार मिनिटं. जज माणूसच असतो, ऐकेल.

हिमानीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, यात सगळीकडे 'मी' आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०

कोर्ट सकाळी दहाला. नीलांबरी कालच आली होती, रेणूकडे उतरली. केस कापलेत. चांगले दिसतात, पण म्हणालो नाही. बाकावर शेजारी बसलो. तिने विचारलं, खाऊन आलास का. म्हटलं, हो. खोटं होतं, लगेच दुरुस्त केलं, नाही म्हटलं. तिने पर्समधून लाडू काढून दिला. तिथे बाकावरच खाल्ला.

जजबाई वयस्कर, मृदू आवाजाच्या. आधी तिला विचारलं: हा करार तुम्ही समजून घेतलाय का, स्वखुशीने करताय का, लग्न संपावं अशी तुमची इच्छा आहे का? तिन्ही वेळा येस म्हणाली. मग मला तेच.

निवेदन कोटाच्या आतल्या खिशात होतं. नुसतं नो म्हटलं असतं तर आज काही झालं नसतं. तो माझा हक्क होता. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती, इतकी की नखं पांढरी झाली होती. ती घाबरली होती. मी काय म्हणेन याला घाबरली होती.

येस म्हणालो. तीन वेळा. अकरा मिनिटांत सगळं आटोपलं.

बाहेर रेणू गाडी घेऊन थांबली होती. एअरपोर्टला मी सोडतो म्हणालो, नीलांबरी नको म्हणाली. मग दोन पावलं परत आली.

"एक मागू? यापुढे कोणाला बँडचं सांगशील तेव्हा माझ्यासाठी सोडला असं म्हणू नकोस. तेवढं मला मोकळं कर."

हो म्हणालो. लगेच म्हणालो, स्पष्टीकरण न देता. तिने माझ्या दंडावर हात ठेवला, क्षणभर, आणि गेली.

ऑफिसला सुट्टी टाकली होती, घरी जावंसं वाटेना. ग्रोसरीला गेलो. मार्चपासून पूर्ण गॅलन, म्हणजे जवळजवळ चार लिटर, दूध आणतोय. आठवडा संपला की निम्मं सिंकमध्ये ओततो. दर वेळी वाटतं, असू दे, अचानक कोणी आलं तर चहाला लागेल.

आज अर्धा गॅलन घेतला.